गेटच्या बाहेरचं जेवण

चाकणचा इतिहास सांगायला बसलं की आधी संग्रामदुर्ग येतो. १६६० साली शाहिस्तेखानाच्या फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्यांनी तो जवळजवळ दोन महिने झुंजवला, ते येतं. मग कांद्याचा बाजार येतो आणि तिथून थेट कारखान्यांवर उडी. बजाजचा प्रकल्प १९९९, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज २००९, महिंद्रा २०१०. ही सालं शाळेतल्या पोरांनाही माहीत असतात. पण या कारखान्यांत राबणारी माणसं शिफ्ट सुटल्यावर खोलीवर जाऊन काय जेवत होती, ते कोण रांधत होतं आणि दारापर्यंत कोण आणून देत होतं, याची नोंद कुठल्या दप्तरात सापडत नाही. माझ्या मते या पट्ट्याचा अर्धा इतिहास तिथे आहे.

मी खेड तालुक्यातला. आजोबांनी मुंबईत डबे वाहिले. वडील पिंपरीला एका कंपनीत लागले आणि आईने आकुर्डीत मेस चालवली. मी आज चाकण, म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी या भागात खोल्यांवर डबे पोचवतो. त्यामुळे हा इतिहास मला कागदावरून शोधावा लागला नाही, घरातच मिळाला. त्याला कायद्याची आणि सालांची जोड मी नंतर दिली.

सुरुवात मुंबईपासूनच करावी लागते, कारण चाकणच्या माणसाला डबा पोचवायचं काम मुंबईने शिकवलं. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी आपल्या भागातली माणसं जमवून मुंबईत डबे पोचवण्याचा धंदा उभा केला, असं या धंद्यातला प्रत्येक जण सांगतो. त्यानंतर जी माणसं गेली ती बहुतेक सगळी आमच्याच पट्ट्यातली: मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर. याचं कारण जमिनीत आहे. भीमाशंकरच्या बाजूला पाऊस धो धो पडतो, पण शेतं उताराची आणि तुकड्यातुकड्यांची. भात, नाचणी, वरई एकदा निघाली की दिवाळीनंतर हाताला काम नाही. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबई जवळ आली. शिक्षण नव्हतं, भांडवल नव्हतं. चालण्याची ताकद आणि एकमेकांवरचा भरवसा होता. आजोबा चाकणहून तळेगाव स्टेशनपर्यंत बऱ्याचदा पायीच जात. पुढे गाडी, पुढे दादर.

त्यांच्या कामाची रीत ते मला बोटांवर मोजून सांगत. सकाळी घरोघरचे डबे गोळा करायचे. जवळच्या स्टेशनवर ते उतरवून ज्या स्टेशनला जायचे त्याप्रमाणे वेगळे करायचे. लोकलच्या सामानाच्या डब्यातून न्यायचे. उतरल्यावर पुन्हा वाटणी, मग डोक्यावर लांबट लाकडी पाटी घेऊन इमारतीपर्यंत. एका पाटीत चाळीसेक डबे, वजन साठ किलोच्या घरात. दुपारी एकच्या आत जेवण टेबलावर आणि संध्याकाळी रिकामा डबा परत त्याच घरी. एक डबा तीन-चार हातांतून फिरतो आणि त्यातल्या कुणाची त्या घराशी ओळख असेलच असं नाही. म्हणून झाकणावर खूण. पूर्वी रंगीत दोरे बांधत. पुढे रंगाने आकडे आणि अक्षरं आली: कुठल्या स्टेशनवरून निघाला, कुठे उतरायचा, कुणी पोचवायचा, कुठली इमारत, कितवा मजला. १९५६ मध्ये या लोकांनी आपला ट्रस्ट नोंदवला. टोळीचा मुकादम, महिन्याची वाटणी, एकादशी, गळ्यात माळ आणि चैत्रात गावोगावच्या जत्रांसाठी सगळ्या मुंबईचे डबे काही दिवस बंद. पुढे २००३ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स चर्चगेटला येऊन डबेवाल्यांना भेटले, तेव्हा जगाला त्यांचं कौतुक वाटलं. आमच्या गावात मात्र डबेवाल्याला मान होता तो आधीपासूनच, कारण त्याच्या मनीऑर्डरवर घराघरात चुली पेटत होत्या.

पण आजोबांच्या बोलण्यातली एक गोष्ट मला कायम लागून राहिली. जो माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या घरचं जेवण डोक्यावर वाहत होता, तो स्वतः खानावळीत जेवायचा. बायकापोरं गावी, मुंबईत सात-आठ जणांत एक खोली. गिरणीकामगाराचीही तीच गत. गिरणगावात एकाच खोलीत राहून, तिथेच चूल मांडून, वीस-पंचवीस माणसांना दोन वेळ जेवू घालणाऱ्या बायका होत्या. त्यांना खानावळवाल्या म्हणत. सावकाराकडून पैसे उचलायचे, वाण्याकडून उधारीवर माल घ्यायचा आणि कामगाराचा पगार झाला की ते सगळं फेडायचं. गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेच्या दारात नेलं. खानावळ चालवणारी बाई ही उद्योजक आहे आणि तिला कर्ज मिळालं पाहिजे, ही गोष्ट त्याआधी कुणी मोठ्याने म्हटलीच नव्हती. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पगार थांबले आणि कामगाराच्या पगारावर चालणाऱ्या या चुलींनाही त्याची झळ बसली. गिरण्यांच्या इतिहासाची पुस्तकं कपाट भरून आहेत. खानावळवाल्यांवर त्या मानाने फार थोडं लिहिलं गेलं.

इकडे त्याच काळात पिंपरी-चिंचवड उभं राहत होतं. फाळणीनंतर पिंपरीच्या कॅम्पात सिंधी कुटुंबं आली होती. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, देशाच्या पेनिसिलिनची गरज भागवायला. १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरीच्या माळरानावर प्लॉट पडायला लागले. आकुर्डीत स्कूटर, पिंपरीत ट्रक. १९७० मध्ये या चार गावांची मिळून नगरपालिका झाली, १९७२ मध्ये कामगारांच्या घरांसाठी नवनगर प्राधिकरण, १९८२ मध्ये महानगरपालिका. वडील याच लाटेत आले. आजोबांनी त्यांना मुंबईला नेलं नाही. म्हणाले, काम घराजवळ आलंय, तिथे जा.

वडिलांना सगळ्यात नवल वाटलं ते कॅन्टीनचं. ताटात दोन भाज्या, आमटी, भात, पोळ्या, आणि पगारातून कापले जाणारे पैसे नावापुरते. त्यांना ही मालकाची मेहेरबानी वाटायची. युनियनच्या एका जुन्या माणसाने त्यांना समजावलं की हा कायदा आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम ४६ सांगत होतं की अडीचशेपेक्षा जास्त कामगार असतील तिथे कॅन्टीन चालवायची सक्ती करता येते. त्याच्या व्यवस्थापनात कामगारांचे प्रतिनिधी असावेत, अशीही त्यात तरतूद होती. पदार्थांचा भाव धरताना कुठला खर्च मोजायचा नाही आणि तो मालकाने सोसायचा, याची जोड १९७६ च्या दुरुस्तीने दिली. कलम ४७ त्याहून साध्या माणसाचा विचार करत होतं: दीडशेपेक्षा जास्त कामगार असतील तिथे घरून आणलेला डबा खायला वेगळी खोली हवी, प्यायचं पाणी हवं, आणि अशी खोली असेल तर कामाच्या जागी कुणी जेवायचं नाही. यंत्राच्या तेलात, धुळीत बसून भाकरी खाण्याची पाळी कामगारावर येऊ नये, इतकं त्या ओळीत लिहिलेलं आहे. पुढे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने शंभर कंत्राटी कामगार असतील तिथे कॅन्टीन सांगितलं. या कायद्यांची जागा घेणाऱ्या २०२० च्या नव्या कामगार संहितेत कंत्राटी धरून शंभर कामगार हाच आकडा आहे.

हे कायदे मी आदराने वाचतो. पण ते गेटपर्यंत येतात आणि थांबतात. पहिल्या शिफ्टचा माणूस दुपारी कंपनीत जेवतो, रात्री? तिसऱ्या शिफ्टचा माणूस सकाळी खोलीवर येतो आणि दुपारी उठतो, तेव्हा? साप्ताहिक सुट्टीला? आजारी पडला तर? एका दिवसातलं एक जेवण कायद्याच्या ताब्यात गेलं, उरलेली सगळी कुणाच्याच ताब्यात नव्हती.

ती पोकळी आईसारख्या बायकांनी भरली. आकुर्डीच्या आमच्या गल्लीत बीड, लातूर, धाराशिव, जळगाव इकडची पोरं एका खोलीत चार-पाच जण राहत. कुणी आयटीआय करून अप्रेंटिस, कुणी टेम्पररी. ज्यांचं गाव जवळ, त्यांचे डबे एसटीने येत. कंडक्टरच्या शेजारी डब्यांची पिशवी ठेवलेली असे. १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली तेव्हा तळेगाव, कामशेतकडचे डबे लोकलनेही यायला लागले. पण मराठवाड्यातल्या आईचा डबा एसटीने पोचत नाही. शेजारच्या खोलीतला एक पोरगा तापाने पडला, तेव्हा आईने त्याला दोन दिवस मऊ भात आणि मेतकूट दिलं. तो बरा झाला आणि म्हणाला, मावशी, महिन्याचे पैसे घ्या, पण रोजचं जेवण तुम्हीच द्या. त्याच्यामागून त्याच्या खोलीतले बाकीचे आले. मेस अशी सुरू झाली.

या धंद्याचे नियम कुणी छापले नाहीत, तरी चिंचवडपासून भोसरीपर्यंत ते सारखेच होते. महिन्याचे पैसे आगाऊ, नसतील तर पगार झाल्यावर. एक टाइम किंवा दोन टाइम. गावी जायचं असेल तर आदल्या दिवशी सांगायचं, म्हणजे खाडा धरला जातो आणि तेवढे दिवस पुढे मिळतात. रविवारी एका वेळेला फीस्ट, दुसऱ्या वेळेला सुट्टी. सेकंड शिफ्टच्या माणसाचा डबा खोलीच्या दाराला अडकवून ठेवायचा, तो रात्री बारा वाजता येऊन खाणार, म्हणून त्यात पातळ भाजी घालायची नाही आणि उन्हाळ्यात दह्याचं काही द्यायचं नाही. कुणाचा उपास गुरुवारी, कुणाचा शनिवारी. आईची एक वही होती. त्यात नावापुढे खाडे लिहिलेले असत आणि कुठेकुठे एखादा शब्द: तिखट कमी, भाकरी, रात्रपाळी. कंपनीत संप असो की टेम्पररी पोराला कामात ब्रेक मिळालेला असो, पोराचं जेवण ती थांबवत नसे. कित्येक जणांनी नोकरी लागल्यावर दोन-दोन वर्षांनी येऊन उरलेले पैसे दिले. काही आलेच नाहीत. त्यांच्या नावावर तिने काट मारली नाही आणि त्यांच्याबद्दल वाईटही बोलली नाही.

१९९९ नंतर काम पुणे-नाशिक रस्त्याने वर सरकलं आणि आमच्याच तालुक्यात आलं. जमिनी गेल्या, त्या पैशांतून शेतकऱ्यांनी खोल्या बांधल्या. म्हाळुंगे, कुरुळी, नाणेकरवाडी, आंबेठाण, वराळे इथे दहा बाय दहाच्या खोल्यांच्या रांगाच्या रांगा. आता पोरं फक्त मराठवाड्यातली नव्हती. विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, सगळीकडची. मी आईकडून रांधायचं शिकलो आणि आजोबांकडून पोचवायचं. आमच्या डब्यांच्या झाकणावर आजही खूण असते: गावाचं अक्षर, खोलीमालकाच्या इमारतीची खूण, खोली नंबर आणि शिफ्ट. मुंबईत शेवटचा आकडा मजल्याचा असतो. आमच्याकडे मजले थोडे, पण शिफ्ट दर आठवड्याला बदलते, म्हणून शिफ्टची खूण खडूने. दर रविवारी संध्याकाळी ती पुसून नवी लिहायची. बाहेरच्या राज्यातल्या पोरांसाठी भात जास्त, मोहरीचं तेल वेगळ्या कढईत. आमच्याकडच्यांना आठवड्यातून एकदा भाकरी-पिठलं आणि महिन्यातून एकदा मासवडी. मासवडीचा वार असला की ओडिशाची पोरंही खाडा धरत नाहीत.

या कामात अडचणी नेहमीच्याच. तळेगाव चौक आणि आंबेठाण चौकात गाड्या अडकतात, तेव्हा गरम डबा थंड होतो आणि जेवणाच्या सुट्टीत आलेला माणूस उपाशी कामावर जातो. म्हणून आम्ही हायवे टाळून गावातल्या रस्त्यांनी दुचाकीवर जातो. खानावळीला घरगुती सिलिंडर चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो आणि त्याचा भाव वाढला की तो डब्यावर लगेच चढवता येत नाही, कारण पोरांचा पगार त्या महिन्यात वाढलेला नसतो. अन्नसुरक्षा व मानके कायद्याखालची नोंदणी आम्ही केली आहे आणि ती सगळ्यांनी करावी, कारण जेवण बिघडलं तर शिफ्ट बुडते आणि टेम्पररी पोराची शिफ्ट बुडली तर नोकरीवर गदा येते.

आमच्याकडे जेवणारा एक पोरगा हॉटेल मॅनेजमेंट करून आता परदेशी क्रूझ जहाजावर नोकरी करतो. सुट्टीवर आला की भेटायला येतो. तो सांगतो, तिथे प्रवासी रात्री दाराच्या मुठीला कार्ड अडकवून ठेवतात: सकाळी अमुक वाजता, अमुक पदार्थ. भटारखाना खालच्या मजल्यावर, प्रत्येक मजल्याला छोटी पॅन्ट्री आणि ठरल्या मिनिटाला ट्रे केबिनच्या दारात. मी त्याला विचारलं, ट्रे नेणारे कुठे जेवतात? म्हणाला, खाली, क्रूच्या मेसमध्ये. मला आजोबा आठवले. हेही काही नवं नाही. पी अँड ओ कंपनीच्या मुंबई-लंडन बोटींवर सलूनमध्ये वाढणारे आणि केबिनमध्ये चहा पोचवणारे कितीतरी लोक गोव्याचे होते. बोटीवरून उतरून पुढच्या बोटीची वाट पाहत ते मुंबईत धोबीतलाव, माझगावच्या कुडांत राहत. कूड म्हणजे गोव्यातल्या एकेका गावाने आपल्या माणसांसाठी वर्गणीतून चालवलेली खोली. खोलीत आयतं जेवण पोचवणाऱ्या माणसाला स्वतःच्या जेवणासाठी गावाचाच आधार घ्यावा लागतो, ही रीत समुद्रावरही तीच आणि चाकणलाही तीच. फरक एकच. जहाजावर रांधणारा, नेणारा आणि खोली देणारा मालक एक आहे, म्हणून वेळ चुकली तर जबाबदार कोण ते ठरलेलं आहे. आमच्याकडे खोली एकाची, नोकरी दुसऱ्याची आणि जेवण तिसऱ्याचं. तिघांना जोडणारा कुठलाही कागद नाही.

तो कागद नसल्याचं मोल २०२० च्या मार्चमध्ये कळलं. लोकल बंद झाली आणि मुंबईचे डबेवाले खेड, मावळ, आंबेगावात परत आले. शंभराहून अधिक वर्षांचा धंदा चार दिवसांत जागच्या जागी थांबला. इकडे कारखाने बंद, कॅन्टीन बंद आणि खोल्यांत हजारो पोरं अडकलेली. कायद्याने दिलेलं एक जेवण गेटसकट बंद झालं होतं. त्या दिवसांत सरकारची शिवभोजन थाळी होती, दहा रुपयांवरून पाच रुपयांवर आणलेली; तिचा मोठा आधार झाला. गणपती मंडळांनी, गुरुद्वाऱ्यांनी, गावकऱ्यांनी अन्न वाटलं. आमच्याकडे मुंबईहून परतलेले नात्यातले डबेवाले आले आणि कामाला लागले. डबे कुणाला, कुठे, किती, हे त्यांनी एका सकाळी बसवून दिलं. ज्या पोरांकडे पैसे नव्हते त्यांची नावं आम्ही आईच्या रीतीने वहीत लिहिली. परवानगीचा पास मिळवायला वेळ लागला, तोपर्यंत खोलीमालकच आपल्या भाडेकरूंचे डबे येऊन घेऊन जात. त्या दोन महिन्यांत या पट्ट्यातली किती माणसं खानावळींच्या चुलीवर जगली, ते कुणी मोजलं नाही.

आता मोबाईलवर बोट टेकवलं की जेवण दारात येतं आणि पोरं ते मागवतातही, पगाराच्या दिवशी हमखास. त्यात वाईट काही नाही. पण महिन्याच्या पंधरा तारखेनंतर ती परत डब्यावर येतात, कारण रोजचं जेवण हे पगाराच्या हिशोबात बसावं लागतं आणि पोटालाही सोसावं लागतं. ताप आला तर भात मऊ करून पाठवायला समोरच्याला आपलं नाव माहीत असावं लागतं.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत आणि त्या मी खेड-पिंपरीचा माणूस म्हणून मांडतो. औद्योगिक वसाहतीचा आराखडा होतो तेव्हा त्यात वीज उपकेंद्राला जागा असते, अग्निशमन केंद्राला असते, ट्रक उभे करायला असते. तशीच जागा कामगारांच्या वस्तीजवळ खानावळींना द्या: पाणी, सांडपाण्याची सोय आणि वाजवी भाडं. अन्नपूर्णा मंडळाने जे पन्नास वर्षांपूर्वी मुंबईत सिद्ध केलं, की रांधणाऱ्या बाईला भांडवल दिलं तर ती ते फेडते, ते इथे नव्याने सिद्ध करायची गरज नाही. आणि दुसरी मागणी वाचकांकडे. आकुर्डी, निगडी, भोसरी, चिंचवडमध्ये ज्या बायकांनी १९७० आणि ८० च्या दशकात मेस चालवल्या, त्यातल्या बऱ्याच आज सत्तरी-ऐंशीच्या आहेत. त्यांच्याकडे हिशोबाच्या वह्या आहेत, आठवणी आहेत, कुठल्या सालात काय भाव होता ते तोंडपाठ आहे. तुमच्यापैकी ज्यांनी त्यांच्या हातचं खाऊन इथे घर केलं, त्यांनी जाऊन ते लिहून घ्या. कंपन्यांच्या इतिहासाची कॉफीटेबल पुस्तकं छापली जातात. त्या कंपन्या उभ्या करणाऱ्या माणसांना ज्यांनी जगवलं, त्यांचा इतिहास आपणच लिहायचा आहे आणि तो सांगणाऱ्या बायका हयात आहेत तोवरच लिहिता येईल.